फोर्टीनाइनर्सचा २०२० चा हंगाम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याचे, म्हणजे सुपर बोलचे, दिवस आले की माझ्या फोनवर तेच ते प्रश्न सुरू होतात. काही नाशिकच्या मावसभावांचे, काही इथे बे एरियात नव्याने आलेल्या मंडळींचे, काही क्रिकेट सोडून दुसरं काही न पाहणाऱ्यांचे. "ताई, तुमची टीम एवढी जायबंदी कशी काय होते?" हा त्यातला कायमचा. दरवेळी नव्याने टाइप करत बसण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते. सुरुवातीचे प्रश्न नवख्यांसाठी आहेत. ज्यांना खेळ कळतो त्यांनी थेट सहाव्यापासून वाचलं तरी चालेल.

१. फोर्टीनाइनर्स म्हणजे नक्की कोण? आणि २०२० चंच एवढं काय?

सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स हा एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधला व्यावसायिक संघ. १८४९ साली सोनं शोधायला कॅलिफोर्नियात धावत आलेल्या लोकांवरून हे नाव पडलं. नाव सॅन फ्रान्सिस्कोचं असलं तरी २०१४ पासून मैदान सँटा क्लाराला आहे, मूळ शहरापासून साठेक किलोमीटरवर. आम्ही सनीव्हेलवाले त्यामुळे उगाचच तो संघ आपल्या गल्लीतला समजतो.

२ फेब्रुवारी २०२० ला मायामीत सुपर बोल झाला. शेवटच्या पाव भागात नाइनर्स कॅन्सस सिटी चीफ्सविरुद्ध २०-१० ने पुढे होते आणि ३१-२० ने हरले. संघ तरुण, प्रशिक्षक काइल शॅनहन हुशार, बचावफळी दणकट. पुढच्या हंगामात, म्हणजे सप्टेंबर २०२० पासूनच्या, हेच पुन्हा येणार, असं इथे सगळेच धरून चालले होते. प्रत्यक्षात त्या हंगामात प्लेऑफसुद्धा गाठता आला नाही.

२. ६-१० म्हणजे काय? किती वाईट?

सोळा सामने, सहा जिंकले, दहा हरले. आदल्या हंगामात हाच आकडा १३-३ होता. चार संघांच्या गटात सिअ‍ॅटल, लॉस एंजेलिस रॅम्स आणि अ‍ॅरिझोना हे तिघेही वर, नाइनर्स तळाला.

त्यातली गंमत मात्र कोणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते. 'घरच्या' आठ सामन्यांपैकी फक्त एक जिंकला आणि बाहेरच्या आठपैकी पाच. घरच्या मैदानाचा फायदा हा शब्द त्या वर्षी निव्वळ चेष्टेचा झाला होता. त्याला एक विचित्र कारणही आहे, प्रश्न ९ पाहा.

३. सगळं बिघडलं ते नेमकं कुठल्या दिवशी?

सगळे २० सप्टेंबर २०२० म्हणतात आणि मीही तेच म्हणेन. पण खरं सांगायचं तर घसरण आठवडाभर आधीच सुरू झाली होती. पहिला सामना १३ सप्टेंबरला, रिकाम्या स्टेडियममध्ये. वणव्यांच्या धुरामुळे सामना होतो की नाही याचीच शंका होती. त्याच्या चार दिवस आधी, ९ तारखेला, आमच्याकडे सकाळी नऊ वाजता आकाश गडद केशरी होतं आणि घरात दिवे लावून चहा केलेला मला आठवतो. तो सामना अ‍ॅरिझोनाकडून २४-२० ने गेला. शिवाय जॉर्ज किटलचा गुडघा दुखावला आणि रिचर्ड शर्मन पोटरीच्या दुखण्याने बाहेर गेला.

मग न्यूयॉर्क जेट्सविरुद्धचा दुसरा सामना. इथे सकाळचे दहा, भारतात रात्रीचे साडेदहा. पोह्यांची बशी हातात घेऊन बसले आणि पहिल्याच आक्रमणात चेंडू घेऊन धावणारा रहीम मोस्टर्ट ऐंशी यार्ड पळत थेट शेवटच्या रेषेपार गेला. टचडाउन! बशीतला शेंगदाणा तोंडात जायच्या आत. आता वर्ष बरं जाणार, असं मी मोठ्याने म्हणालेसुद्धा. नवरा अजून ते ऐकवतो.

थोड्याच वेळात निक बोसा खाली पडला तो उठलाच नाही. आदल्या वर्षीचा हा सर्वोत्तम नवोदित बचावपटू, आणि त्याला गाडीवर बसवून बाहेर न्यावं लागलं. तोवर सॉलोमन थॉमसही गेला. दोघांचंही एसीएल (गुडघ्यातला बंध, पुढच्या प्रश्नात पाहा) तुटलं आणि दोघांचाही हंगाम तिथेच संपला. चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या क्वार्टरबॅकचा, जिमी गॅरोपोलोचा, घोटा मुरगळला. तो लंगडत लंगडत मध्यंतरापर्यंत खेळला आणि मग बाकावर बसला. मोस्टर्टचा गुडघा गेला. त्याच्या जागी येणारा टेव्हिन कोलमन, त्याचाही गुडघा गेला.

नाइनर्सनी सामना ३१-१३ ने जिंकला. हे मुद्दाम सांगते, कारण पुष्कळांना तो हरल्याचंच आठवतं. शिवाय समोरचे जेट्स त्या वर्षी अख्ख्या हंगामात दोनच सामने जिंकले. एवढ्या दुबळ्या संघाला हरवण्यासाठी एवढी किंमत!

४. घोटा मुरगळला म्हणून सहा-सहा आठवडे बाहेर? आमच्याकडे आयोडेक्स लावून दुसऱ्या दिवशी खेळतात.

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि दरवर्षी मला आईचा लेपाचा डबा आठवतो.

गॅरोपोलोला झाली ती 'हाय अँकल स्प्रेन'. साधी मुरगळ घोट्याच्या बाहेरच्या बाजूला होते. ही त्याच्या वर होते, जिथे नडगीचं हाड आणि शेजारचं बारीक हाड एकमेकांना घट्ट बांधलेले असतात. तो बंध ढिला पडला की प्रत्येक पावलाला दोन हाडं एकमेकांपासून फाकतात. चेंडू फेकताना क्वार्टरबॅक सगळा भार पायावर घेऊन अंग वळवतो, म्हणजे नेमका तिथेच ताण येतो. उरकून टाकू म्हणून लवकर परतलं की काय होतं, ते प्रश्न ११ मध्ये आलं आहे.

एसीएल हा गुडघ्याच्या आतला बंध. नडगी पुढे सरकू नये आणि वळताना गुडघा डगमगू नये, हे त्याचं काम. तो पूर्ण तुटला की खेळाडूवर सहसा शस्त्रक्रिया करतात आणि मैदानावर परतायला नऊ महिने ते वर्ष लागतं. मोस्टर्टचा दुखावलेला बंध गुडघ्याच्या आतल्या कडेचा, एमसीएल. तो बहुतेकदा विश्रांतीने भरून येतो. 'गुडघा गेला' असं दोन्हीला म्हणतात, पण एकात काही आठवडे जातात आणि दुसऱ्यात अख्खं वर्ष.

५. मैदानच वाईट होतं, असं वाचलं होतं. खरं का?

आरोप झाला, सिद्ध झाला नाही. न्यू जर्सीतल्या मेटलाइफ स्टेडियमवर त्या वर्षी नवीन कृत्रिम गवत अंथरलं होतं आणि पाय त्यात अडकल्यासारखा होतो, अशी नाइनर्सच्या खेळाडूंची तक्रार होती. लीगने पुन्हा तपासणी करून ते नियमात बसतं म्हणून सांगितलं. योगायोग असा की लगेच पुढच्या रविवारी नाइनर्सचा न्यूयॉर्क जायंट्सविरुद्धचा सामनाही त्याच मैदानावर होता. मधला आठवडा संघ घरी न परतता वेस्ट व्हर्जिनियात राहिला आणि मग तिथेच ३६-९ ने जिंकला.

माझं मत विचाराल तर एका दुपारवरून मैदानाला फाशी देता येत नाही. त्या वर्षी सरावाचे सामनेच झाले नव्हते, कोविडमुळे उन्हाळी तयारी अर्धवट होती, शरीरं पुरेशी तापलेली नव्हती. पण खेळाडूंच्या संघटनेचं म्हणणं खऱ्या गवताच्या बाजूने आहे, ते काही हवेतलं नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच स्टेडियमवर जेट्सकडून पहिल्यांदाच उतरलेल्या अ‍ॅरन रॉजर्सची टाचेची शीर चौथ्याच खेळीत तुटली. तेव्हा गवत बदललेलं होतं, पण होतं कृत्रिमच.

६. माणसं कमी पडली तर बाहेरून आणायची. आयपीएलमध्ये नाही का बदली खेळाडू घेत?

आणतात की. मुख्य चमू ५३ जणांचा. त्याशिवाय सराव पथक असतं आणि २०२० साली कोविडमुळे ते सोळा जणांपर्यंत वाढवलं होतं. जखमी खेळाडूला 'इंजर्ड रिझर्व्ह' यादीत टाकलं की ५३ मधली जागा मोकळी होते. त्या वर्षी नियम सैल होता, किमान तीन आठवडे बाहेर ठेवून कितीही जणांना परत आणता येत होतं. आधी ही मुदत आठ आठवडे होती आणि परत येणाऱ्यांची संख्याही मर्यादित होती.

अडचण दोन ठिकाणी येते. एक म्हणजे पैसा. २०२० ला प्रत्येक संघाला पगारावर १९ कोटी ८२ लाख डॉलरची मर्यादा होती आणि यादीत पडलेल्या जखमी खेळाडूचा पगारही त्यातच मोजतात. म्हणजे ताटात वाढलेलं खाता येत नाही आणि दुसरं ताटही घेता येत नाही. दुसरी अडचण माणसांची. सप्टेंबरमध्ये जो घरी रिकामा बसलाय, तो सहसा बोसा नसतो.

मायामी डॉल्फिन्सविरुद्ध हे फार बोचलं. शर्मन नाही, इतर दोघेही नाहीत, म्हणून कॉर्नरबॅकच्या (समोरच्या झेल घेणाऱ्याला अडवणाऱ्याच्या) जागी ब्रायन अ‍ॅलनला उतरवावं लागलं. समोरच्या क्वार्टरबॅकने, रायन फिट्झपॅट्रिकने, ते पाहिलं आणि एकामागून एक चेंडू त्याच्याच बाजूला टाकले. मध्यंतराच्या आत त्याला बाहेर काढलं. सामना ४३-१७ ने गेला. त्या पोराला मी तरी दोष देणार नाही.

७. जखमी झालं की पगार बंद?

नाही. संघाच्या सामन्यात किंवा सरावात दुखापत झाली तर त्या हंगामाचा पगार मिळतो. कमी रकमेच्या काही करारांत जखमी यादीत गेल्यावर कमी पगाराचं कलम असतं, एवढंच.

खरी मेख वेगळीच आहे. दुखापत संघाच्या आवाराबाहेर झाली तर ती 'फुटबॉलबाह्य' धरली जाऊ शकते आणि मग पैसे द्यायचे की नाही ते संघाच्या मर्जीवर असतं. डीबो सॅम्युएलचा पाय जून २०२० मध्ये असाच मोडला. लॉकडाउनमुळे संघाचं आवार बंद, म्हणून पोरं आपापली नॅशव्हिलला जमून सराव करत होती. त्याचं काही बिनसलं नाही. पण पुढच्या वर्षी डेन्व्हरच्या जुवान जेम्सची टाचेची शीर आवाराबाहेर सराव करताना तुटली आणि जवळपास एक कोटी डॉलर पणाला लागले. तेव्हापासून खेळाडू घरच्या अंगणात पळतानाही विचार करतात म्हणे.

८. गॅरोपोलो नव्हता तेव्हा कोण खेळलं?

निक मलन्स आणि सी. जे. बेथर्ड. सोळापैकी सहा सामने गॅरोपोलोने सुरू केले (तीन जिंकले, तीन हरले), आठ मलन्सने (दोन जिंकले, सहा हरले) आणि शेवटचे दोन बेथर्डने (एक-एक). मलन्सचं कोपर डॅलसमध्ये दुखावलं, म्हणून बेथर्ड. म्हणजे बदलीलाही बदली लागला.

९. घरच्या मैदानावरून हाकललं होतं ना? ते काय प्रकरण?

हाकललं संघाला नाही, खेळालाच. नोव्हेंबर २०२० च्या अखेरीस सँटा क्लारा काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) कोविडचे रुग्ण झपाट्याने वाढत होते. २८ नोव्हेंबरला काउंटीने आदेश काढला की ३० तारखेपासून तीन आठवडे अंगाला अंग लागणारा कुठलाही खेळ बंद, सामनेही आणि सरावही. नाइनर्स तेव्हा रॅम्सशी खेळायला लॉस एंजेलिसला निघालेले. दुसऱ्या दिवशी तो सामना रॉबी गूल्डच्या अगदी शेवटच्या किकवर २३-२० ने जिंकला आणि मग बिऱ्हाड हललं ते हजारेक किलोमीटरवर, अ‍ॅरिझोनातल्या ग्लेंडेलला. हॉटेलात मुक्काम, बहुतेकांच्या बायका-मुलं इकडे.

आम्हा स्थानिक लोकांत तेव्हा यावरून दोन तट पडले होते. मी काउंटीच्या बाजूची होते आणि आहे. शाळा बंद, देवळं बंद, दिवाळी झूमवर केलेली. मग फुटबॉलला वेगळा न्याय कशासाठी? चीड आली ती संघ असा वाटेत असताना निरोप ज्या पद्धतीने पोचला त्याची.

आता त्यातली गोम. ग्लेंडेलचं स्टेडियम अ‍ॅरिझोना कार्डिनल्सचं. तिथे नाइनर्स 'यजमान' म्हणून तीन सामने खेळले, बफलो, वॉशिंग्टन आणि सिअ‍ॅटलविरुद्ध. तिन्ही हरले. त्याच स्टेडियममध्ये २६ डिसेंबरला कार्डिनल्सविरुद्ध 'पाहुणे' म्हणून खेळले आणि २०-१२ ने जिंकले.

१०. कोविडमुळे बाहेर बसलेले खेळाडू दुखापतग्रस्तांत धरायचे का?

हिशेबात नाही, त्यांची यादी वेगळी होती. पण मैदानावर परिणाम तोच. ५ नोव्हेंबरच्या गुरुवारी ग्रीन बेविरुद्ध सामना होता. आदल्या दिवशी केंड्रिक बॉर्नची चाचणी पॉझिटिव्ह आली आणि त्याच्या संपर्कात आले म्हणून ब्रँडन आयुक, डीबो सॅम्युएल आणि ट्रेंट विल्यम्स हेही बाद. त्याच्या चारच दिवस आधी सिअ‍ॅटलमध्ये किटलच्या पायाचं हाड मोडलं होतं आणि गॅरोपोलोचा घोटा पुन्हा गेला होता. म्हणजे आक्रमणाचा अख्खा गाभाच घरी. रिची जेम्स नावाच्या तळाच्या खेळाडूने त्या रात्री १८४ यार्डांचे झेल घेतले, तरी सामना ३४-१७ ने गेला. त्याची ती रात्र कोणाला आठवत नाही, मला मात्र आठवते.

११. मग सगळं दुखापतींनीच घालवलं म्हणायचं?

इथे माझं आणि बऱ्याच नाइनर्सप्रेमींचं पटत नाही.

दुखापती एवढ्या होत्या की त्यांच्याशिवाय हा हंगाम समजतच नाही. धावणाऱ्यांचंच पाहा. मोस्टर्ट आणि कोलमन यांचं वर सांगितलं. जेफ विल्सनने न्यू इंग्लंडविरुद्ध तीन टचडाउन केले आणि तिसऱ्यावेळी घोटा दुखावून घेतला. जमायकल हेस्टीचं कॉलरबोन न्यू ऑर्लिन्सला मोडलं. एका जागेवरचे चार जण!

पण गंमत अशी की ज्या बचावफळीतून बोसा, थॉमस, शर्मन, फोर्ड गेले, ती यार्डांच्या हिशेबात लीगच्या पहिल्या पाचांत राहिली. त्या कामावरच समन्वयक रॉबर्ट सालेहला जेट्सने मुख्य प्रशिक्षक म्हणून उचललं. घात झाला तो चेंडू हातातून घालवण्यात. वॉशिंग्टनविरुद्धचा २३-१५ चा पराभव घ्या. त्यांच्या आक्रमणाला एकही टचडाउन करता आला नाही. दोन्ही टचडाउन त्यांच्या बचावाने केले, एक हातातून सुटलेला चेंडू (फंबल) उचलून आणि एक पास मधल्यामध्ये पळवून. फिलाडेल्फियाविरुद्धही मलन्सचा एक पास असाच थेट टचडाउनसाठी परत गेला.

गॅरोपोलोला डॉल्फिन्सविरुद्ध उतरवलं तो निर्णयही दुखापतीचा नव्हता, माणसांचा होता. घोटा पुरता बरा नव्हता हे टीव्हीवर माझ्या सासूबाईंना दिसत होतं. मध्यंतरालाच त्याला बसवावं लागलं.

आणि मार्चमधला सौदा. डिफॉरेस्ट बकनर हा बचावाच्या मधला खांब. त्याला इंडियानापोलिसला दिलं आणि बदल्यात ड्राफ्टमधली, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक फेऱ्यांतली, तेरावी निवड घेतली. पगाराच्या मर्यादेत बसत नव्हता, हे मान्य. पण बोसा पडल्यावर त्याची उणीव दिसली, आणि तिकडे बकनर त्याच वर्षी लीगच्या सर्वोत्तम संघात गेला. हे काही न्यू जर्सीच्या गवतामुळे झालं नाही.

१२. वेस्टन रिचबर्ग कधी जखमी झाला? मला तर कुठल्याच सामन्यात दिसला नाही.

दिसणार कसा, आक्रमणाच्या मधोमध उभा राहून चेंडू मागे देणारा हा सेंटर २०२० मध्ये उतरलाच नाही. त्याचा गुडघा डिसेंबर २०१९ चा. जुनी दुखणी नव्या हंगामात मोजायची की नाही यावर वाद होतो, म्हणूनच जखमींचे आकडे जिथे पाहावे तिथे वेगळे दिसतात. डी फोर्ड एक सामना खेळला आणि मानेच्या-पाठीच्या दुखण्याने बसला. त्याला नवी दुखापत म्हणायचं की जुनीच, देव जाणे.

१३. एकही जण धडधाकट राहिला नाही का?

राहिला. फ्रेड वॉर्नर, बचावाच्या दुसऱ्या ओळीतला मधला खेळाडू (लाइनबॅकर). सोळाच्या सोळा सामने, आणि त्या वर्षी तोही लीगच्या सर्वोत्तम संघात.

१४. प्लेऑफ हातचा गेल्यावर मुद्दाम हरून वरची निवड का नाही घेतली?

जास्त हरणाऱ्याला ड्राफ्टमध्ये आधी निवड मिळते खरी, पण खेळाडू मुद्दाम हरत नाहीत. पुढच्या वर्षी नोकरी मिळेल की नाही हे त्याच चित्रफितींवर ठरतं. २६ डिसेंबरला बेथर्ड आणि जेफ विल्सन जीव तोडून खेळले, विल्सन १८३ यार्ड धावला. किटलही हाड भरून परत आला होता, खरं तर त्याला काहीच गरज नव्हती.

त्या निकालांनंतर नाइनर्सच्या वाट्याला बारावी निवड आली. मार्च २०२१ मध्ये त्यांनी ती, पुढच्या दोन वर्षांच्या पहिल्या फेरीच्या निवडी आणि एक तिसऱ्या फेरीची देऊन तिसरी निवड घेतली आणि क्वार्टरबॅक ट्रे लान्सला आणलं. घोटा धरून बसलेल्या गॅरोपोलोवर किती दिवस विसंबायचं, हा त्यामागचा विचार. लान्सचाच घोटा २०२२ च्या दुसऱ्या सामन्यात मोडला. त्या वर्षी संघ शेवटी सावरला तो ड्राफ्टमधल्या सगळ्यात शेवटच्या, २६२ व्या खेळाडूने, ब्रॉक पर्डीने. या एका उत्तराचं वेगळं पान होईल, इथे थांबते.

१५. २०२४ चा हंगामही असाच होता ना?

वरवर हुबेहूब. आधी सुपर बोलमध्ये चीफ्सकडूनच हार, मग ६-११. फरक असा की २०२० ला घाव एका दुपारी पडला, २०२४ ला हप्त्याहप्त्याने. चेंडू घेऊन धावणारा क्रिश्चन मकॅफ्री टाचांच्या दुखण्याने पहिले आठ सामने बाहेर. ऑक्टोबरमध्ये पुन्हा चीफ्सविरुद्धच आयुकचा गुडघा गेला. मकॅफ्री नोव्हेंबरात परतला, चौथा सामना १ डिसेंबरला बफलोच्या बर्फात. तिथे त्याचा गुडघा गेला, त्याच्या जागी आलेल्या जॉर्डन मेसनचा त्याच सामन्यात घोटा गेला, आणि नवऱ्याने न विचारताच टीव्ही बंद केला.